पाठीवरची खरवड

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सव्वासातला प्रकाशचा फोन. प्रकाश म्हणजे चुलतभाऊ, गावातच राहतो. म्हणाला, "सदादादा गेला. काल संध्याकाळी. छातीत दुखतंय म्हणाला, ओट्यावर बसला, तिथेच." मी विचारलं, किती वाजता. वेळ कळून काय करायचं होतं कोण जाणे. साडेपाच-पावणेसहा, म्हणाला. मग, "वहिनी म्हणाल्या, अरविंदला कळवा. पण अग्नी द्यायला थांबणार नाही म्हणाल्या." मी बरं म्हटलं.

रेखा पोळ्या करत होती. तिला सांगितलं. ती रडली. मी डबा घेऊन निघालो. अलीगंजपाशी जाम, वीस मिनिटं गेली. दिवसभरात बारा स्लाइड केल्या. एकही फुटली नाही.

लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही.

१२ फेब्रु.

सुतक. देवापाशी दिवा नाही. रेखा म्हणाली, दहाव्याला तरी जाऊन या. म्हटलं, बघतो. सायलीने खोलीच्या दारातून विचारलं, "पापा, आप ठीक हो?" हो म्हणालो. ती कॉलेजला गेली. तिने काकाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती बारावीत होती.

तिकीट बघितलं नाही.

१५ फेब्रु., शनिवार

सुट्टी. गच्चीवर उन्हात बसलो. काहीतरी वाटायला हवं होतं म्हणून मुद्दाम आठवत बसलो.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. गावच्या किनाऱ्यावर कासवांची राखण करायचा, वनखात्याच्या मानधनावर. मी इथे लखनौच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं डायटमच्या, म्हणजे काचेच्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळाच्या, स्लाइड करतो. सहा वर्षांपूर्वी लॅबच्या प्रमुख मॅडमना समुद्री कासवाच्या पाठीवरची खरवड हवी होती. कासवाच्या पाठीवर काय काय चिकटून राहतं, शेवाळ, बार्नकल म्हणजे चुन्याच्या कवचाचे चिकटून बसणारे जीव, त्यांच्यावर पुन्हा डायटम, ते सगळं. मीच म्हणालो, माझा भाऊ आहे. परवानगीचे कागद झाले आणि दादाच्या बाटल्या यायला लागल्या. पहिली तीन वर्षं पार्सलबरोबर फोनही यायचा. "पोचलं का रे? काय दिसलं?" मी सांगायचो, काचेच्या नावा आहेत, चंद्रकोरी आहेत. तो हसायचा. "माझ्या कासवाच्या पाठीवर?"

मग आई गेली. तीन वर्षं होतील मेमध्ये. इथेच गेली, माझ्याकडे, ४४ डिग्रीत. दादा म्हणाला होता, अस्थी ठेव, मी येतो, आपल्या समुद्रात सोडू. मी बघतो म्हटलं. त्याला तिकीट मिळायला चार दिवस लागले. मी तिसऱ्या दिवशीच गोमतीत सोडल्या. पंडित म्हणाला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. पंडित काही म्हणाला नव्हता. मला ते संपवायचं होतं.

दादा आला तो स्टीलचा डबा घेऊन, नवा, कडीचा. चहा घेतला, आईच्या फोटोला नमस्कार केला, संध्याकाळच्या गाडीने तोच डबा घेऊन परत. त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. बाटल्या येत राहिल्या, मॅडमच्या नावाने. लेबलं मी वाचायचो. त्यावरून कळायचं, तो बरा आहे.

हे सगळं आठवलं. काही वाटलं नाही. ऊन सरकलं तेव्हा खाली आलो.

१९ फेब्रु., बुधवार

पार्सल आलं. गेटवरच्या गार्डने आणून दिलं. दादाचं अक्षर. पोस्टाचा शिक्का ८ तारखेचा, म्हणजे दोन दिवस आधी त्याने स्वतः टाकलं.

टेबलावर ठेवलं. जेवून आलो. मग फोडलं. चार बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. १, २, ३ ची लेबलं पूर्ण. ऑलिव्ह रिडले मादी, उत्तर किनारा, १७ जाने., २१ जाने., २५ जाने. चौथ्या बाटलीवर नुसतं "ऑ. रि. मादी". पुढे काही नाही. तारीख नाही, जागा नाही.

चारही बाटल्यांना रजिस्टरला नंबर दिले.

२० फेब्रु.

आज दहावा. खरवड शिजवायला घेतली. प्रत्येक बाटलीतली अर्धी काढायची, पेरॉक्साइडमध्ये आणि मग आम्लात उकळायची. मांस, शेवाळ, चुना, सगळं जातं, फक्त काच उरते. मग पाणी घालून निवळू द्यायचं, वरचं ओतायचं, पुन्हा पाणी. सात वेळा. दिवस त्यातच गेला. बरं झालं.

रेखाने फोन करून विचारलं, तिकडे पिंडाला कावळा शिवला का काही कळलं? मी म्हटलं, नाही कळलं. प्रकाशला विचारलंच नव्हतं.

२४ फेब्रु., सोमवार

चौथ्या बाटलीच्या स्लाइडवर मॅडम अकरा वाजता बसल्या त्या दोनपर्यंत उठल्या नाहीत. मग मला बोलावलं. "अरविंदजी, ये देखिए." बघितलं. लांबट डायटम, मध्ये किंचित चेपलेला, एका टोकाला रेघा दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. असा एक आपल्याला दोन वर्षांपूर्वी दिसला होता, एकच, मोडका. इथे पन्नास-साठ होते. मॅडम म्हणाल्या, कुठल्याच पुस्तकात हा बसत नाही. त्या अशा सहज बोलत नाहीत.

मग लेबल बघितलं. "तारीख? साइट?" मी म्हटलं, नाहीये. त्या म्हणाल्या, "तो भाई साहब को फ़ोन करके पूछ लीजिए न."

मी म्हटलं, "वो नहीं रहे."

"कब?"

"दस तारीख़ को."

त्यांनी चष्मा काढला. चौदा दिवस तुम्ही रोज इथे येताय, म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्यांनी घरी जायला सांगितलं. मी गेलो नाही. पाचपर्यंत काचा धुतल्या.

२७ फेब्रु.

मॅडमनी दोन दिवस विषय काढला नाही. आज काढला. जागा-तारखेशिवाय नमुना म्हणजे नमुनाच नाही, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. तरी सांगितलं. मग म्हणाल्या, "आप तो उनकी आदत जानते होंगे. कब जाते थे, कहाँ जाते थे." त्यांनी तसं काही सुचवलं नव्हतं. विचारलं फक्त.

२८ फेब्रु., शुक्रवार

केलं.

सतरा, एकवीस, पंचवीस. चार-चार दिवसांनी. म्हणजे पुढची एकोणतीस. तिन्ही उत्तर किनारा, म्हणजे चौथीही. लेबलवर जागा होती. दादाचा 'र' खाली शेपूट काढतो, पाचातला फाटा उघडा. मला ते अक्षर शाळेत चौथीत होतो तेव्हापासून येतं, त्याच्याच जुन्या वह्यांवरून मी गिरवलं. तसलीच पेन्सिल घेतली. "उत्तर किनारा, २९ जाने." अर्ध्या मिनिटाचं काम.

मॅडमना म्हटलं, नीट पुसून बघितलं तर लेबल वाचता येतंय. त्यांनी भिंगाखाली धरून बघितलं. "अरे वाह." रजिस्टरला शाईने चढवलं.

घरी येताना दूध घेतलं.

५ मार्च

मॅडम लेख लिहायला बसल्या आहेत. शोध दादाच्या नावासकट छापणार म्हणतात, गोळा करणारा म्हणून. छान आहे, म्हटलं. आज दुपारी म्हणाल्या, "उनकी कोई डायरी तो होगी? एक फ़ोटो मँगवा लीजिए. कोई पूछे तो दिखा सकें."

दादा वही ठेवायचा. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. मला हे आठवायला हवं होतं.

६ मार्च

वहिनीला फोन लावला. तीन वर्षांनी. तिसऱ्या रिंगला उचलला. मी नाव सांगितलं. "ओळखला आवाज," म्हणाल्या.  मी म्हटलं, मी यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "हो."

मी वहीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आहे. ट्रंकेवर आहे." मी म्हटलं, जानेवारीच्या पानांचा फोटो कुणाकडून पाठवलात तर. त्या म्हणाल्या, "फोटो नाही पाठवणार, भावोजी. वही बघायची तर या आणि बघा."

ठेवला.

रेखा ऐकत होती. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली, आणि गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले.

१४ मार्च

होळीचा रंग. इंदिरा नगरात सकाळपासून आरडाओरडा. आम्ही खेळलो नाही, वर्षभर सण नाहीत. शेजारचे श्रीवास्तवजी तरी गुजिया, आपल्या करंज्यांसारख्या, देऊन गेले. सायली दार लावून बसली होती. दुपारी बाहेर येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मैंने आपकी टिकट देख ली है. उन्नीस को. करा दूँ?" मी म्हटलं, कर. तिने तिथेच केलं. मग मराठीत म्हणाली, "काकूला माझा नमस्कार सांगा." 'सांगा' हे रूप चुकलं नव्हतं. तिचं मराठी चांगलं आहे, ती बोलत नाही एवढंच.

२१ मार्च, शुक्रवार. गाव

कल्याणला उतरून पनवेल, तिथून कोकणची गाडी खेडपर्यंत, पुढे एसटी. दुपारी पोचलो. वहिनी ओट्यावर होत्या. पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला कुळथाची पिठी, भात.  मी ओट्याकडे बघायचं टाळत होतो ते त्यांच्या लक्षात आलं. "तिथेच बसा, तुम्ही," म्हणाल्या. "मी रोज बसते."

बसलो.

चहा झाल्यावर वही आणून दिली. जानेवारी काढला. १७, २१, २५ सगळं लेबलांप्रमाणे. मग:

"२८ जाने. छातीत जळजळ. घरी.
२९ जाने. घरी. किनाऱ्यावर गेलो नाही. हिला सांगितलं पित्त आहे.
३० जाने. घरी."

पुढे ४ फेब्रुवारी. "दोन माद्या. एक उत्तरेला, एक खाडीच्या तोंडाशी. दोघींची खरवड घेतली. येताना एक बाटली दगडावर फुटली. दमलो."

उरलेली ती आमची चौथी बाटली, पण कुठली फुटली ते लिहिलेलं नाही. तीनदा वाचलं. मागचं-पुढचं पान बघितलं. नाही.

२९ तारखेच्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. वहिनीनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. लेबल, पेन्सिल, सगळं. का सांगितलं माहीत नाही. त्या ऐकून म्हणाल्या, "त्यांच्या अक्षरात?" हो म्हटलं. उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला.

दिवेलागणीला बाहेर आल्या. म्हणाल्या, "एक सांगते. त्यांना राग होता तुमचा. शेवटपर्यंत होता. लोक आता म्हणतील नव्हता, मी खोटं सांगणार नाही." मी मान हलवली. "पण बाटल्या तीन-तीनदा उकळून घ्यायचे. मी म्हणायची, एवढं कशाला? म्हणायचे, तिकडे तो बघणार आहे."

मी वही मिटून त्यांना दिली. 

२३ मार्च, रविवार. गाव

पहाटे पाचला वनरक्षकाचा फोन आला वहिनीला, उत्तरेला मादी चढली आहे, या. हंगाम संपत आला, ही बहुतेक शेवटची. मॅडमच्या परवानगीपत्राची प्रत माझ्याकडे होतीच, मॅडमनी निघताना हातात दिली होती. वहिनी पण निघाल्या. दादा असताना कधी गेल्या नव्हत्या म्हणे. "घरी कुणीतरी चहा ठेवायला हवं ना."

सव्वीस वर्षांत मी जिवंत समुद्री कासव बघितलं नव्हतं. पाठीवरचं काय काय शेकडो वेळा बघितलं. लहानपणी आम्ही अंडी नेणारे लोक बघायचो, कासव नाही.

ती अंडी घालून, वाळू ओढून, परत निघाली होती. मोठी. मला वाटलं होतं त्याहून खूप मोठी. श्वास ऐकू येतो, माणसासारखा. पाठ हिरवट, बुळबुळीत. डाव्या बाजूला तीन बार्नकल, एक रुपयाच्या नाण्याएवढा, बाकीचे दोन लहान, कवचात रुतलेले. त्यांच्या कडेला शेवाळाची लव. वास मासळीचा नाही, ओल्या दगडाचा.

वनरक्षक म्हणाला, मिनिटभर, जास्त नाही. तो पुढून आडवा उभा राहिला. मी गुडघ्यावर बसलो. मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, खाली ताट. दादा असाच बसत असणार. वहिनी लाल कागद लावलेली बॅटरी धरून होत्या. त्यांनी विचारलं, "तिला दुखतं का?" मी म्हटलं, नाही. वनरक्षक म्हणाला, "दादा पण प्रत्येक वेळी तिला विचारून घ्यायचे." वहिनीनी बॅटरी जरा जवळ आणली. 

सोडली. पाण्यापर्यंत जायला तिला दहा मिनिटं लागली. लाटेत गेली आणि दिसेनाशी झाली.

मला वाटलं होतं, इथे तरी रडू येईल. आलं नाही. हात ओले होते, वाळू चिकटली होती. लेबल लिहिलं. ऑ. रि. मादी, उत्तर किनारा, २३ मार्च. माझ्या अक्षरात.

२४ मार्च. गाव

निघालो. वहिनीनी कोकम आणि तांदळाचं पीठ दिलं, सायलीसाठी फणसपोळी. वही दिली नाही. मी मागितलीही नाही. ४ फेब्रुवारीच्या पानाचा फोटो मात्र काढू दिला. पान त्यांनी स्वतः धरलं.

एसटी येईपर्यंत उभ्या होत्या.

२७ मार्च, गुरुवार

लखनौ. सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो, दार लावलं. फोटो दाखवला आणि सांगितलं की लेबल मी लिहिलं. आधी त्यांना कळलं नाही. "मतलब?" मतलब दादाचं नाही, माझं, म्हटलं. २९ ला तो घरी होता.

त्यांनी फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "मैंने पूछा ही क्यों था आपसे." मी म्हटलं, तुमची चूक नाही. त्या म्हणाल्या, "वो मैं तय करूँगी."

रजिस्टर काढलं. लाल पेनने ओळ कापली. खाली मला लिहायला लावलं: तारीख ४ फेब्रु., किनारा अनिश्चित, लेबल नंतर चुकीचे भरले. सही. माझी, मग त्यांची. लेख थांबवला. डायरेक्टरना कळवावं लागेल, म्हणाल्या. मी म्हटलं, कळवा. अजून दोन वर्षं नोकरी आहे.

बाहेर येऊन नव्या बाटलीची अर्धी खरवड शिजायला ठेवली.

२ एप्रिल

डायरेक्टरनी बोलावलं. पाच मिनिटं. लेखी खुलासा मागितला आहे. आजवर एक मेमो नाही, हे त्यांनीच फाइल बघून सांगितलं. "भाई की डेथ हुई थी, लिख दीजिए." मी म्हटलं, त्याचा संबंध नाही. ते म्हणाले, तरी लिहा.

लिहिलं. भावाचं लिहिलं नाही.

रेखाला सांगितलं. तिने विचारलं, नोकरीला काही होईल का? माहीत नाही म्हटलं. तिने माझ्या ताटात अजून भात वाढला. मी खाल्ला.

८ एप्रिल, मंगळवार

२३ मार्चची स्लाइड. मॅडमनी मलाच आधी बघायला सांगितलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कमी बोलतात, पण हे सांगितलं. रांगेने गेलो, वरून खाली, पूर्ण. नेहमीचे सगळे आहेत. तो नाही. पुन्हा गेलो. कोपऱ्यापाशी एक तुकडा, अर्धाच. रेघा दाट. दुसरं टोक मोडलेलं, म्हणून विरळ आहेत की नाहीत ते कळत नाही.

मॅडमनी बघितलं. "हो सकता है." मग, "नहीं भी हो सकता." उत्तरेचा की खाडीचा, हे अर्ध्या तुकड्यावरून ठरणार नाही. पुढच्या हंगामात दोन्हीकडची पुन्हा घ्यावी लागेल. वेगवेगळी. बाटली न फोडता, हे मी मनात म्हटलं.

खुलाशाचं उत्तर अजून नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी वहिनीचा फोन. त्यांनी लावला, मी नाही. विचारलं, दिसलं का? मी सांगितलं, अर्धं दिसलं.

"अर्धं म्हणजे?"

"म्हणजे असेल. पण सांगता येत नाही."

"मग?"

"डिसेंबरात पुन्हा घ्यावं लागेल. उत्तरेचं आणि खाडीचं, दोन्ही."

"कोण घेणार?"

मी म्हटलं, वनखातं नवीन माणूस नेमेल. त्या म्हणाल्या, नेमला आहे, चांगला आहे, पण त्याला खरवडीचं येत नाही. कुणीतरी शिकवायला हवं. एक महिना तरी राहून. खोली आहे.

रेखा भाजी परतत होती. तिने गॅस बारीक केला.

मी म्हटलं, "बघतो, वहिनी."

"बघतो नको, भावोजी," त्या म्हणाल्या. "बघतो हे तुम्ही आईंच्या वेळीही म्हणाला होतात. हो किंवा नाही, काय ते सांगा. नाही म्हणालात तरी चालेल."

तिकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. "आले," म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभा होतो. रेखा माझ्याकडे बघत होती.